टाकसाळीतल्या साहेबांनो, तुमच्या चुका आम्हाला दाखवा की!

प्रति,
मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या सरकारी टाकसाळींचे सगळे साहेब, आणि त्या चौघींना सांभाळणारं भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम (हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक खाऱ्या शेंगांचं पाकीट फुकट)

विषय: चिल्लरवर दिसणाऱ्या बारीकसारीक चुका आणि त्याचा आम्हाला होणारा ताप

साहेब, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात किराणा दुकान चालवतो. पूर्व भाग म्हणजे यंत्रमागवाले, विडी वळणाऱ्या बायका, एका वाक्यात मराठी आणि तेलगू दोन्ही बोलणारी माणसं. यूपीआय आमच्याकडं पण आलंय, काउंटरवर तो बोलणारा डबा ठेवलाय आणि तो दिवसभर बोंबलतो, पण तरी चिल्लर काय संपलेली नाही, कारण शाळेच्या पोराकडं फोन नसतो आणि विडीच्या मजुरीतनं उरलेले सुट्टे घेऊन येणाऱ्या मावशीकडं फोन असला तरी त्यातलं रिचार्ज संपलेलं असतं. त्यामुळं रात्री शटर अर्धं खाली घेतलं की गल्ला ओततो, ढिगल्या लावतो आणि नाणी बघत बसतो. बायको म्हणते पैसे मोजायला एवढा वेळ लागत नाही. खरंय, मोजायला नाही लागत, बघायला लागतो.

बघायची सवय लागली की दिसायला लागतं साहेब. कुठं रुपयाची कड एका बाजूला जाड नि एका बाजूला गायब, कुठं 'भारत'मधला 'भ' भरून गेलेला, कुठं दोन रुपयाच्या नाण्यावर सिंहाच्या डोक्यावरनं कडेपर्यंत गेलेली केसासारखी उठावदार रेघ. हे सगळं तुमच्याकडनं आलेलं आहे. कुठल्या टाकसाळीचं कुठलं ते मला कळतं, सालाच्या खाली खूण बघितली की झालं, मुंबईची पत्त्यातली चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच नाही. पण ते मी इथं सांगणार नाही कारण चुगली करायला हे पत्र लिहीत नाहीये. (जाता जाता, कोलकात्याची खूण नसते हे पण लोकांना माहीत नाही, परवा एकानं मला सांगितलं की ह्या नाण्यावर खूण छापायची राहून गेलीय, लाखाला जाईल. म्हणलं बाबा, अशी नाणी तुझ्या घरच्या गणपतीपुढच्या डब्यात किलोनं निघतील.)

आता मुद्द्याचं. एक मावशी आहेत आमच्या, रोजच्या गिऱ्हाईक. त्यांनी दहाचं नाणं माझ्यासमोर ठेवलं नि म्हणल्या, "दादा, हे तुम्ही तर घ्या, कुणीच घेईना, खोटं हाय म्हणलालेत." भाजीवाल्यानं परत केलं, रिक्षावाल्यानं परत केलं. बघितलं तर वजन बरोबर, कड बरोबर, बाहेरची पिवळी कडी आणि आतली पांढरी चकती अगदी घट्ट. फक्त एकच. सिंह सरळ वर धरून पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटलं की मागचा १० आकडा वाकडा दिसत होता, बऱ्यापैकी तिरका. नाणी जमवणारे ह्याला डाय रोटेशन म्हणतात. म्हणजे नाणं पाडायच्या मशीनमध्ये वरचा ठसा आणि खालचा ठसा समोरासमोर असतात, त्यातला एक आपल्या खोबणीत ढिला होऊन थोडा फिरला, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्याच्याखालनं ढीगभर नाणी निघून गेली. नाणं शंभर टक्के सरकारी, धातू सरकारी, ठसा सरकारी, फक्त ठसा जरा मान वाकडी करून बसलेला.

मी घेतलं. पुढं ते बँकेच्या भरण्यात टाकलं तर काउंटरवरच्या साहेबांनी नेमकं तेच उचलून बाजूला सारलं. "हे चालणार नाही." का? "वेगळं दिसतंय." बँकेचं नाव घेत नाही, तो माणूस पण वाईट नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. रिझर्व्ह बँकेचं सांगणं स्पष्ट आहे की सगळ्या शाखांनी नाणी घ्यायची, एक-दोनची तर वजनावर घेतली तरी चालतात किंवा शंभर-शंभरच्या पिशव्या करून. पण वेगळं दिसणारं नाणं आलं की काय करायचं, ह्याचं चित्र त्या काउंटरमागं कुठंच चिकटवलेलं नसतं.

आणि आता गंमत बघा. तेच नाणं दुकानात कामाला असलेल्या पोरानं बघितलं, फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुठल्यातरी व्हिडिओत कळलं की असल्या नाण्याला पाच लाख मिळतात. खाली नंबर. नंबरवर फोन लावला तर समोरचा माणूस एकदम गोड बोलणारा, "सर, तुमचं नाणं पास झालंय, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा, मग जीएसटी, मग आमचा माणूस कॅश घेऊन घरी येईल." नशिबानं पोरगं पैसे भरायच्या आधी मला विचारायला आलं. सगळी येत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये ह्यावर जाहीर इशारा दिलेला आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आमचं नाव आणि लोगो वापरून लोक कमिशन, फी, टॅक्स मागतायत, आम्ही असल्या कुठल्याच धंद्यात नाही. पण तो इशारा इंग्रजी-हिंदीत बातमी म्हणून आला आणि गेला, व्हिडिओ मात्र रोज येतात. वैष्णोदेवीचं पाचचं नाणं असेल तर करोडपती व्हाल हा तर नेहमीचाच. अरे ते २०१२ चं स्मारक नाणं आहे, चलनात सोडलेलं आहे, माझ्या गल्ल्यात अधूनमधून येतं, मी त्याच्यात पाच रुपयाचाच पारले देतो.

म्हणजे एकच नाणं. बाजारात किंमत शून्य, मोबाईलवर पाच लाख. आणि खरी किंमत काय? दहा रुपये. फार तर एखादा छंदवाला भेटला तर चहापाण्याचे वर देईल. हा शून्य आणि पाच लाखाच्या मधला जो गोंधळ आहे ना साहेब, तो तुमच्या गप्प बसण्यानं झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. चूक झाली ह्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मिनिटाला शेकडो ठोके पडणाऱ्या मशीनमधनं एखादं वाकडं निघणारच, न निघालं तर नवल. तक्रार एवढीच की वाकडं कसं दिसतं ते तुम्ही सांगत नाही, मग ते सांगायचं काम भाजीवाला आणि व्हिडिओवाला करतो.

आमच्या गावाला खोट्यातला नि चुकीतला फरक कळायला काय अवघड आहे सांगा. सोलापूर आहे हे. चादरीत फॉल्ट निघाला तर मागावरचा माणूस नुसता बघून सांगतो की हा धागा तुटलाय, एका चादरीपुरता आहे, का जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यात भोक चुकीचं पडलंय, म्हणजे जोपर्यंत पुठ्ठा बदलत नाही तोपर्यंत प्रत्येक चादरीवरचा मोर लंगडाच येणार. आणि ती सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, गेली तरी चादरच असते, तिला कुणी नकली चादर म्हणत नाही. नाण्याचं डिट्टो हेच आहे. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू घुसतो आणि नाण्यावर उठावदार रेघ येते, आणि तो ठसा उतरवेपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ, त्याच जागी, ठोक्यागणिक जरा जास्त लांब. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला की नाण्यावर तिथं सपाट गाठ येते, छंदवाले त्याला इंग्रजीत 'cud' म्हणतात. ठशातल्या अक्षरात ग्रीस किंवा घाण बसली की ते अक्षर पुसट येतं किंवा येतच नाही, मग लोक म्हणतात बघा, ह्यात 'रुपये'तला उकारच नाही, नकली. नकली नाही हो, मशीन पुसायचं राहिलंय.

आणि दुसरा प्रकार म्हणजे एकट्या नाण्याचं नशीब. कोरी चकती मशीनच्या कडीत नीट बसलीच नाही नि ठोका पडला, की डिझाईन एका बाजूला सरकतं आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी जागा मोकळी राहते. ठोका पडायच्या आधीच चकती निसटून मालात गेली तर चक्क कोरं नाणं. आणि सगळ्यात भारी म्हणजे लाखी. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, त्याच्या खाली नवीन चकती येते, आणि ठशाच्या ऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच शिक्का तिच्यावर बसतो, त्यामुळं एका बाजूला सरळ उठावदार चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोल गेलेलं, आरशात बघितल्यासारखं. नाण्यांच्या बाजारात ह्याला लाखीच म्हणतात. दुकानात मला हे कधी मिळालेलं नाही, प्रदर्शनात काचेखाली बघितलंय, बराच वेळ बघत उभा होतो, मागचा माणूस पुढं सरका म्हणेपर्यंत.

पण माझं आवडतं म्हणाल तर कापलेलं नाणं. हे नीट सांगतो कारण ह्याच्यात खरंखोटं ओळखायची जी खूण आहे ती बघून मी टाकसाळीला मनातनं सलाम केला होता. धातूची लांब पट्टी मशीनमधनं सरकत जाते आणि पंच खाली येऊन त्यातनं गोल चकत्या पाडतो. पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला एका बाजूनं चावा घेतल्यासारखी गोलाई येते. आता कुणीही म्हणेल, हे काय, कानस घेऊन घरी पण करता येईल. करता येईल, पण पूर्ण नाही करता येत! कारण चकती पाडल्यावर ठोक्याच्या आधी तिला एका मशीनमधनं फिरवून कड दाबून उचलून घेतात. चकतीचा एक भाग कापलेला असला की बरोब्बर त्याच्या समोरच्या बाजूला दाब बसत नाही, तिथली कड उचललीच जात नाही. म्हणून खऱ्या कापलेल्या नाण्यावर चाव्याच्या थेट समोर कड बारीक किंवा पुसट असते. शिवाय चाव्याजवळची अक्षरं जरा ओढल्यासारखी, कारण ठोक्याच्या वेळी धातू त्या मोकळ्या जागेकडं पळतो. घरी कानस मारणाऱ्याला हे माहीतच नसतं, त्याच्या नाण्यावर समोरची कड एकदम ठणठणीत असते आणि अक्षर मधोमध कचकन तुटलेलं असतं. एवढी साधी गोष्ट, दोन फोटोत कळेल, आणि ती मला कुणाकडनं कळली? नाणी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडनं. तुमच्याकडनं कळायला पाहिजे होती.

तसंच दहाचं. बाहेरची कडी आणि आतली चकती आधी वेगळ्या असतात, ठोका पडला की त्याच ठोक्यात दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. आतली चकती जरा कलली तर पांढरा धातू पिवळ्यावर सांडल्यासारखा दिसतो. हे पण लोक परत करतात. उलट कुणीतरी पक्कडनं आतली चकती काढून उलटी ठोकून बसवलेलं नाणं मी बघितलंय, ते मात्र 'दुर्मिळ' म्हणून विकायला ठेवलं होतं. रुळावर ठेवून चपटं केलेलं, ॲसिडमध्ये टाकून पातळ केलेलं, शेगडीत तापवून रंग बदललेलं, असलं सगळं दुर्मिळमध्ये खपतं आणि तुमचं खरं चुकलेलं नाणं खोट्यात जातं. काय न्याय आहे!

लोकांना वेड्यात काढायचं नाही मला. भीती उगाच नाहीये. बनावट नाणी पाडणारे कारखाने दिल्ली-हरियाणाकडं पोलिसांनी पकडलेले आहेत, पाचची, दहाची पाडत होते. आणि तुम्ही पण एकाच किमतीची इतक्या तऱ्हेची नाणी काढलीत की माणसानं घाबरायचं नाही तर काय करायचं. पाचचंच घ्या, आधीचं जाड पांढरं नऊ ग्रॅमचं, मग २००७ च्या सुमारास स्टीलचं सहा ग्रॅमचं, मग २००९ पासून पिवळं, तिन्ही २३ मिलिमीटरची. चुंबक लावला तर स्टीलवालं चिकटतं, पिवळं चिकटत नाही, आणि मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं की चुंबकाला चिकटलं तर नकली. दहाचं तर विचारूच नका, पंधरा रेघांचं का दहा रेघांचं, रुपयाचं चिन्ह आहे का नाही, ह्यावर आमच्या बाजारात मारामारी व्हायची बाकी होती. चिन्हच मुळात २०१० ला आलं, नाण्यावर २०११ पासून, मग त्याच्या आधीच्या नाण्यावर ते येणार कुठनं? शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दहाच्या नाण्याची तोपर्यंत १४ डिझाईन निघालीत आणि सगळी चालतात. त्या एका कागदानं माझी किती भांडणं मिटली सांगू! प्रिंट काढून काउंटरवर चिकटवला होता, चहा सांडून पिवळा पडला तरी काढला नाही.

नोटांचं पण बघा. छापताना नोट खराब निघाली तर तिच्या जागी नंबरमध्ये चांदणी असलेली नोट टाकतात, २००६ पासून दहा-वीस-पन्नासच्या नोटांना हे सुरू झालं. मधे अफवा उठली की चांदणीवाली पाचशेची नोट नकली. जुलै २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलं की ती कायदेशीर नोटच आहे, चांदणी म्हणजे बदली नोट. झालं, विषय संपला. म्हणजे नोटेच्या चुकीवर सरकार बोलतं. नाण्याला नंबर नसतो म्हणून त्याच्या चुकीवर कुणीच बोलत नाही, असं का?

डिझाईन किती ते सांगितलंत तसं चुका किती प्रकारच्या ते पण सांगा, एवढंच मागणं आहे.

आणि ह्यात लाज कसली? आपल्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली शिवराई नाणी बघा. हातानं ठोकलेली तांब्याची नाणी, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं 'छत्रपति' पूर्ण एका नाण्यावर उतरलेलं मिळालं तर जमवणारा खूश होतो. कुठं 'शिव'चं 'सिव' झालंय, कुठं वेलांटीचा पत्ता नाही. ते काका दुदांडी शिवराया ताटात ओतून दाखवायचे, दोन आडव्या रेघा मध्ये पान, प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी, एक सारखी दुसरी नाही. तेव्हा कुणी म्हणलं असेल का, हे घेणार नाही, वाकडं आहे? तेव्हा वाजवून, घासून, वजन करून घेत होते. आता वजन कोण करतंय, नजर टाकायची नि परत करायचं.

वजनावरनं आठवलं, एक कायद्याचा प्रश्न आहे, ह्याचं उत्तर द्याच. नाणे अधिनियम २०११ म्हणतो की रुपया आणि त्याच्या वरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन, पण अट अशी की नाणं विद्रूप केलेलं नसावं आणि त्याचं वजन ठरवून दिलेल्यापेक्षा कमी झालेलं नसावं. घासून झिजलेल्या नाण्याचं समजू शकतो. पण तुमच्या पंचनं चावा घेतलेलं नाणं तर जन्मतःच हलकं आहे, त्यानं वजन गमावलं नाही, त्याला ते मिळालंच नव्हतं! विद्रूप पण ते कुणी केलं, तुम्हीच ना? मग ते चालणार का नाही? चालणार असेल तर तसं लिहून द्या. नसेल तर ज्या मावशीच्या हातात ते आलं तिला बँकेनं बदलून द्यावं असं लिहून द्या, कारण ती काय टाकसाळीच्या दारात उभं राहून तपासून घेत नव्हती. दोन्हीपैकी काही चालेल, पण मधलं नको. आत्ता तिनं मला विचारलं तर मी माझ्या खिशातनं दहा देतो आणि नाणं डबीत ठेवतो, दुकानदारानं हे किती दिवस करायचं.

बरं, मी काय मागतोय ते सरळ सांगतो. एक कागद. मराठीत. मोठ्या अक्षरात, फोटोसकट. फिरलेला ठसा असा दिसतो, तडा असा दिसतो, भरलेलं अक्षर असं, सरकलेलं डिझाईन असं, चावा असा आणि समोरची कड अशी. खाली एक ओळ, की ही नाणी टाकसाळीतनंच आलेली आहेत, दर्शनी किमतीला घ्या. आणि त्याच्या शेजारी घरी बिघडवलेली नाणी, म्हणजे लोकांना फरक कळेल आणि पक्कडवाल्यांचा धंदा पण बसेल. खालच्या कोपऱ्यात ती खुणांची गोष्ट टाका, चौकट, चांदणी, ठिपका आणि काही नाही. मागं पाहिजे तर तेलगू-कन्नडमध्ये पण द्या, आमच्याकडं तिन्ही लागतं. बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला लावा, बाहेर लावलं तर गिऱ्हाईक वाचतं पण कॅशियर वाचत नाही.

कुणी म्हणेल, असा कागद काढला तर लोक अजून नाणी तपासत बसतील, सगळ्यांना वाटेल आपल्याला लॉटरी लागली. वाटू द्या की! दहा घरांत तपासली की दहा घरांना कळेल असली नाणी बरीच असतात, आणि बरीच असतात म्हणलं की लाखाचा फुगा आपोआप बसतो. आज ती दुर्मिळ वाटतात कारण कुणी बघतच नाही.

आणि कागद काढणं जमत नसेल तर दुसरं सुचवतो. नाणे मेळावा रिझर्व्ह बँक आणि बँका घेतातच, नवीन नाण्यांच्या पिशव्या देतात. तसा एक संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत घ्या. होम मैदानावर पाळणे लागतात, भांड्यांची दुकानं लागतात, नंदीध्वज बघायला आजूबाजूच्या खेड्यांतनं आणि खाली कर्नाटकातनं माणसं येतात, आणि यात्रेत सगळा व्यवहार अजून सुट्ट्यावर चालतो. तिथं एक टेबल टाका, दोन भिंगं ठेवा, तुमचा एक माणूस बसवा ज्यानं स्वतः मशीन चालवलंय, ऑफिसातला नको. लोक आपली डबी घेऊन येतील, तो बघून सांगेल हे आमचं, हे बाहेर बिघडवलेलं, हे बनावट, हे पोलिसात द्या. जेवणाची सोय माझ्याकडं, कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. मी माझी डबी घेऊन पहिल्या नंबरला उभा राहतो, फिरलेल्या ठशाचं ते दहाचं नाणं त्यातच आहे.

उत्तर पाठवायचं असेल तर बँकेमार्फत पाठवू नका, पोचत नाही. वर्तमानपत्रात छापा, मी कापून काउंटरवर चिकटवतो, जुन्या कागदाशेजारी जागा रिकामी आहे.

आपला,
पूर्व भागातला एक किराणा दुकानदार,
सोलापूर

ता. क. : पन्नास पैशाचं नाणं अजून वैध आहे, दहा रुपयांपर्यंत देता येतं, हे पण त्या कागदावर टाका. बंद झालं ते पंचवीस पैसे आणि खालचं, ३० जून २०११ ला. माझ्याकडं पन्नास पैशाची एक बरणी भरून आहे आणि आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगं सुद्धा ते घ्यायला तयार नाही.